वाचकांचे प्रश्न : सॅटेलाइट मोडेमची सिरियल जोडणी

प्रश्न : डेटा लॉगर (मोजमापं नोंदवणारं यंत्र) आरएस-२३२ या सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या, केबलने सॅटेलाइट मोडेमला जोडला आहे. लिंकचा दिवा हिरवा आहे, पण कधी काहीच येत नाही, तर कधी भलतीच अक्षरं उमटतात. काय तपासावं?

उत्तर : हिरवा दिवा मोडेम आणि उपग्रह यांच्यापुरता आहे. लॉगर ते मोडेम ही केबल वेगळी तपासा.

भलती अक्षरं येत असतील तर बॉड रेट (बिट पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) दोन्हीकडे सारखे आहेत का ते बघा. इथे घड्याळाची वेगळी तार नसते. प्रत्येक अक्षराच्या स्टार्ट बिटवरून ऐकणारा ताल धरतो, त्यामुळे बॉड रेट वेगळा असला की सगळाच मजकूर बिघडतो. काही अक्षरं नीट आणि काही चुकीची येत असतील तर पॅरिटीवर संशय घ्या. पाठवणारा ७-ई-१ वर (७ डेटा बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट) आणि घेणारा ८-एन-१ वर (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) असेल तर इंग्रजी ए आणि बी बरोबर येतात, सी मात्र बिघडतो. सी च्या बिटांमध्ये १ ची संख्या विषम असते, म्हणून पॅरिटी बिट १ होतो आणि घेणारा त्यालाच आठवा डेटा बिट समजतो.

काहीच येत नसेल तर केबल काढून मल्टिमीटर लावा. नऊ पिनांच्या सॉकेटवर पिन ५ ग्राउंड. पिन २ आणि ३ पैकी जिथे साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट स्थिर दिसतात, ती पाठवणारी पिन. मोडेमवर ती २ आणि लॉगरवर ३ असेल तर सरळ केबल चालते. दोन्हीकडे एकच पिन निघाली तर २-३ उलटवलेली नल मोडेम केबल लागेल. काही छोट्या मोडेमच्या पिनांवर ३.३ व्होल्टचं लॉजिक असतं. तिथे आरएस-२३२ थेट जोडू नका, मोडेम जळेल. मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल कन्व्हर्टर हवाच.

प्रश्न : तीन तारांची केबल आहे. मजकूर जातो, बायनरी फाइल मात्र मध्येच अडकते.

उत्तर : सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल (डेटातच खुणेचे बाइट पाठवून समोरच्याला थांबवण्याची पद्धत) चालू असणार. त्यात १९ हा बाइट 'थांब' आणि १७ हा 'चालू कर' असा धरला जातो, आणि बायनरी डेटात हे दोन्ही येतातच. ते बंद करा. आरटीएस-सीटीएस, म्हणजे वेगळ्या दोन तारांवरून 'थांब' आणि 'पाठव' सांगणारा फ्लो कंट्रोल, मात्र तीन तारांवर चालू करू नका. सीटीएसची वाट बघत पाठवणारा अडून राहील. इरिडियम ९६०२ या सॅटेलाइट मोडेमवर एटी&के० या आज्ञेने फ्लो कंट्रोल बंद होतो, एटी&डी० ने डीटीआरकडे (लॉगर तयार असल्याचं सांगणाऱ्या तारेकडे) दुर्लक्ष होतं. नंतर सेटिंग जपून ठेवणाऱ्या एटी&डब्ल्यू० आणि एटी&वाय० द्यायला विसरू नका, नाहीतर वीज गेल्यावर जुनं सेटिंग परत येतं. मोठ्या फाइल नेहमी जाणार असतील तर आरटीएस-सीटीएसच्या तारा असलेली पाच तारांची केबलच घ्या.

प्रश्न : मॉडबस आरटीयू (यंत्रांमधली सिरियल प्रश्नोत्तरांची पद्धत) टेबलावर थेट केबलने चालतं, उपग्रहावरून टाइमआउट होतं, म्हणजे उत्तराची मुदत संपते.

उत्तर : भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. विचारणा जाऊन उत्तर यायला नुसत्या अंतरापायीच अर्धा सेकंद लागतो, मोडेमचा वेळ वेगळा. टाइमआउट ३ ते ५ सेकंद ठेवा. दुसरी अडचण जास्त चकवते. ९६०० बॉडवर साडेतीन अक्षरांची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांची शांतता झाली की फ्रेम (एक पूर्ण संदेश) संपली असं मॉडबस मानतं. मोडेमने एक फ्रेम दोन पॅकेटांत तोडली की मधली फट त्याहून मोठी होते आणि सीआरसी (संदेशाच्या शेवटचा तपासणीचा आकडा) चुकतो. मोडेममध्ये पॅकेट पाठवण्याआधी थांबायचा टायमर असेल तर तो थोडा वाढवा, म्हणजे पूर्ण फ्रेम एकत्र जाईल.