नदी, राष्ट्रगीत आणि सभापतींची खुर्ची

तुम्ही विचारलंय, ‘अगदी चिमुकल्या देशात एकच माणूस राजकारणी आणि लेखक असेल, तर त्याची कारकीर्द कशी असते? एखादं खरं उदाहरण आहे का?’

आहे, आणि ते माझ्या आवडीचं आहे. आमचे आजोबा पोर्तुगिजांच्या काळात सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची दुसरी पायरी, शिकलेले. त्यांची जुनी कागदपत्रं वाचता यावीत म्हणून मी पणजीत पोर्तुगीजची शिकवणी लावली होती. तिथे बाईंनी एक दिवस सरावासाठी एक कविता दिली. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांची. खाली नाव होतं आल्दा एस्पिरितु सांतु. मडगावच्या मोठ्या चर्चचं नाव तेच या बाईंचं आडनाव, म्हणून लक्षात राहिलं. पुढे कळलं की या कवयित्रीने आपल्या देशाचं राष्ट्रगीत लिहिलंय, मंत्रिपद सांभाळलंय आणि तिथल्या संसदेचं सभापतिपदही भूषवलंय.

देश कोणता? साओ तोमे आणि प्रिन्सिपे. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातातली दोन बेटं. सगळं मिळून सुमारे १००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याचा जेमतेम पाव हिस्सा. १९७५ साली स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्या लाखाच्या आतच होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक नगरपालिका पुरते.

आल्दाबाई १९२६ साली साओ तोमेत जन्मल्या आणि शिकायला पोर्तुगालला गेल्या. लिस्बनमध्ये वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने एक वसतिगृहवजा संस्था चालवली होती, ‘काझा दुश इश्तुदांतिश दु इंपेरियु’. साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचं घर. मुलांवर नजर राहावी हा हेतू, पण एकत्र आणल्यावर मुलं जे करतात तेच झालं. मडगावात वाढलेले लेखक ओर्लांदु द कोश्ता हेही याच वर्तुळातले. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियु कोश्ता हे त्यांचे चिरंजीव. आणि १९५१ पासून आल्दाबाईंच्या नातेवाइकांच्या घरी एक अभ्यासमंडळ जमू लागलं. त्यात पुढे गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्देचा लढा उभारणारे आमिल्कार काब्राल होते आणि अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले आगोश्तिन्यु नेतु होते. नेतु तर स्वतः कवी. दिवाणखाना एक, आणि त्यात तीन-चार देशांची पुढची सरकारं चहा पीत बसलेली!

जानेवारी १९५३ मध्ये त्या प्राथमिक शिक्षिका म्हणून मायदेशी परतल्या. पुढच्याच महिन्यात जे घडलं त्यावर त्यांचं सगळं पुढचं आयुष्य उभं आहे, म्हणून ते नीट सांगतो.

साओ तोमेत कोकोचे मोठाले मळे होते. त्यांना ‘रॉसा’ म्हणत. तिथे राबायला अंगोला, मोझांबिक, केप व्हर्देहून कंत्राटी मजूर आणत, कारण स्थानिक ‘फोरु’ लोक, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, मळ्यावर पाऊल टाकायला तयार नसत. तो त्यांना गुलामीकडे परत जाण्याचा रस्ता वाटे. गव्हर्नर कार्लुश गोर्गुल्यु यांना मजूर हवे होते. आता फोरुंनाही सक्तीने कंत्राटावर घेणार, अशी आवई उठली. ३ फेब्रुवारी १९५३ ला त्रिंदादे गावच्या परिसरात लोक बिथरले आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या हातात बंदुका देऊन सरकारने त्यांना गावांवर सोडलं. शेकडो माणसं मेली. नेमक्या आकड्यावर आजही वाद आहे. धरलेल्यांना फेर्नांव दियश इथल्या किनाऱ्यावरच्या छावणीत नेलं. तिथे त्यांना समुद्राचं पाणी उपसायला लावत. हो, समुद्र रिकामा करायला. ही ‘बातेपाची कत्तल’, त्याच भागातल्या बातेपा गावच्या नावाने ओळखली जाणारी.

धरलेल्यांपैकी आरोपी ठरवलेल्यांच्या बचावासाठी लिस्बनहून पाल्मा कार्लुश नावाचे वकील आले. त्यांना माहिती जमवून देण्यात या तरुण शिक्षिकेने मदत केली. आणि तिने या कत्तलीवर कविता लिहिल्या, त्यातली एक ‘त्रिंदादे’. दुसरीत ती विचारते, वेडाच्या या वाऱ्यात ज्यांची शिकार झाली ती माणसं कुठे आहेत? मोठ्या देशात पुरावे गोळा करणारी एक, कविता लिहिणारी दुसरी आणि पुढे निवडणूक लढवणारी तिसरीच असते. इथे दुसरं कोण होतं? शिकलेली माणसं थोडी, त्यामुळे तीच शिक्षिका, तीच साक्षी, तीच कवी. १९६५ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांनी, ‘पिद’ने, त्यांना पोर्तुगालमध्ये तुरुंगात टाकलं. गोव्यातल्या म्हाताऱ्यांना हे नाव वेगळं सांगावं लागत नाही.

१२ जुलै १९७५ ला देश स्वतंत्र झाला. त्याआधीच्या हंगामी सरकारातच त्या शिक्षण आणि संस्कृती खात्याच्या मंत्री होत्या. राष्ट्रगीताचे शब्द त्यांचेच, शीर्षक ‘संपूर्ण स्वातंत्र्य’. १९७८ मध्ये त्यांचा महत्त्वाचा कवितासंग्रह आला, त्यात ‘त्रिंदादे’ आहे. १९८० ते १९९१ त्या राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे संसदेच्या, अध्यक्ष होत्या.

इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय. ती सभा एकपक्षीय राजवटीची होती. ‘एमएलएसटीपी’ हा एकच पक्ष, दुसऱ्याला परवानगी नाही. अशा सभागृहात काम म्हणजे बहुतेक वेळा माना डोलावणं. ज्या बाईने ‘माणसं कुठे आहेत’ असा सरकारला सवाल केला, तीच अकरा वर्षं न भांडणाऱ्या सभेची सभापती राहिली. त्यांचे चाहते हे फारसं बोलत नाहीत. ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. पक्ष, सरकार, लेखकसंघ, सगळीकडे तीच पन्नास-शंभर माणसं असतील, तर विरोधात उभं राहायचं म्हणजे रोज जेवणाच्या ताटावर भेटणाऱ्यांच्या विरोधात. पण किंमत द्यावी लागलीच, आणि मला वाटतं ती कवितेने दिली. खुर्चीवर असतानाच्या काळातलं त्यांचं लेखन फार थोडं. १९९१ च्या बहुपक्षीय निवडणुकीत पक्ष हरला, त्या मोकळ्या झाल्या, आणि २००० नंतर पुस्तकांमागून पुस्तकं आली. वय सत्तरीपलीकडे! २०१० साली लुआंडात त्या वारल्या.

आता ती शिकवणीतली कविता. नदीचं नाव आग्वा ग्रांदि, राजधानीतून वाहणारी. बायका दगडावर कपडे आपटताहेत, आपटता आपटता गाणी म्हणताहेत. गाण्यात गंमतही आहे आणि कण्हणंही. मुलं पाण्यात डुंबताहेत. मग परतायची वेळ होते, आणि मळ्याच्या वाटेला लागताच गाणी गप्प होतात. बस, एवढीच. बंड नाही, घोषणा नाही.

सभापतिपद सुटल्यावर आलेल्या त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘माझ्या शहराची नदी मारून टाकली’. मारली कुणी, तर स्वतंत्र देशाने. पोर्तुगीज जाऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं.