‘सेल्फ-पॉवर्ड’ फोटोडिटेक्टरला (प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरला) खरंच बाहेरून वीज लागत नाही का? एम.एस्सी. प्रोजेक्टला कोणतं टू-डी (काही अणूंइतकं पातळ) मटेरियल घेऊ?

लागत नाही. दोन वेगळे थर एकमेकांवर बसले की सांध्यापाशी आपसूक विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन एकीकडे, होल (इलेक्ट्रॉनने सोडलेली रिकामी जागा) दुसरीकडे, आणि शून्य बायसला, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न देता, करंट मिळतो. सोलर सेलचंच धाकटं भावंड. तो करंट मोजणारं धूड मात्र भिंतीतल्या प्लगवर चालतं, त्याबद्दल पेपरात कोणी चकार शब्द काढत नाही.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी सिलिकॉनवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा फ्लेक बसवला होता. टेपने सोलून काढलेला, जेमतेम 12 मायक्रॉन रुंद पापुद्रा. 532 नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरखाली, शून्य बायसला रिस्पॉन्सिव्हिटी (पडलेल्या प्रकाशाच्या दर वॅटमागे मिळणारा करंट) आली 2.1 अँपिअर प्रति वॅट. सर खूश. ‘‘लिहायला घे.’’ मला काही ते पटेना. प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन, एकही वाया नाही, असं धरलं तरी 532 भागिले 1240, म्हणजे 0.43. वरचं कुठून आलं?

एका रात्री लेझरचा ठिपका लेन्सने बारीक केला आणि फ्लेकपासून 50 मायक्रॉन लांब, उघड्या सिलिकॉनवर टाकला. फ्लेक अंधारात, तरी करंट येतोच आहे! एरवी आमचा ठिपका दोन मिलिमीटरचा असायचा. म्हणजे आजूबाजूचं सिलिकॉन प्रकाश खात होतं, तिथले कॅरिअर (इलेक्ट्रॉन आणि होल) पसरत सांध्यापर्यंत पोचत होते, आणि आम्ही हिशेबात क्षेत्रफळ धरत होतो फक्त फ्लेकचं. राबणार सिलिकॉन, नाव फ्लेकचं.

सकाळी आलेख दाखवला. ‘‘सगळे फ्लेकचंच क्षेत्रफळ घेतात. तू रिव्ह्यूअर आहेस का?’’ पेपर छापून आला. माझं नाव मीच काढायला लावलं. पुढचं वर्षभर सर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले.

तर प्रोजेक्ट खुशाल घ्या, पण पहिल्याच दिवशी उघड्या सबस्ट्रेटवर (फ्लेकखालच्या पायावर) लेझर मारून बघा, आणि तो आलेख गाईडला आधी दाखवा, नंतर नाही. डिटेक्टिव्हिटीचीही, म्हणजे किती मंद प्रकाश ओळखता येतो त्या आकड्याचीही, तीच गत. शून्य बायसला डार्क करंट (अंधारातला करंट) नगण्य, म्हणून नुसतं त्या करंटमुळे होणाऱ्या शॉट नॉइजचं सूत्र लावलं की आकडा आभाळाला टेकतो. उष्णतेमुळे होणारा थर्मल नॉइज कुठे जातो? तो बायस नसतानाही असतोच. नॉइज प्रत्यक्ष मोजा. ‘सगळे असंच करतात’ हे उत्तर कोणी दिलं तर लेखी मागा.

एक सांगायचं राहिलं: 0.43 ही मर्यादा गेन (एका फोटॉनमागे अनेक इलेक्ट्रॉन मिळणं) नसतानाची. बायस दिलेल्या फोटोकंडक्टरमध्ये आकडा हजारपटीनेही वाढू शकतो, ते खोटं नव्हे. आणि सगळेच गाईड तसे नसतात, माझ्या पोस्टडॉकच्या बाईंनी तो उघड्या सिलिकॉनचा आलेख दोनदा मागून घेतला होता.

मटेरियल? लॅबमध्ये जे असेल ते. फक्त खाली सिलिकॉन नको, काच घ्या.