वाचकांचे प्रश्न : सेन्टओएस 7 सोडून कुठे जावं?

प्रश्न : अमळनेर आणि आसपासच्या खेड्यांत आमचे 2200 फायबर ग्राहक आहेत. रेडियस (ग्राहकाचं लॉगिन तपासणारी सेवा), डेटाबेस आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सेवा) एकाच जुन्या सर्व्हरवर (झिऑन ई5-2620 व्ही2, साध्या हार्डडिस्क) सेन्टओएस 7 या लिनक्स सिस्टीमवर चालतात. लाइट जाऊन आली की बराच वेळ कुणाचं लॉगिन होत नाही. डेबियन, रॉकी आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमांत वेगवान कोणती?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : एवढ्या ग्राहकांना तिन्हींपैकी कोणतीही सिस्टीम कमी पडत नाही. तुमचं अडतं ते बहुधा डिस्कपाशी. लाइट आली की सगळे ओएनयू (ग्राहकाच्या घरातली फायबरची डबी) एकदम जागे होतात. प्रत्येक ग्राहकामागे लॉगिनची एक आणि अकाउंटिंगची (वापराच्या हिशेबाची) एक नोंद धरली, तरी 4400 नोंदी झाल्या. 7200 आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक नोंदी पक्क्या करते. तोवर राउटर वाट पाहून तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि रांग वाढतच जाते.

डेटाबेस पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या (लाइट गेली तरी लिहिलेलं जपणाऱ्या) एसएसडीवर न्या. राउटरवर रेडियसचा टाइमआउट तीन सेकंद ठेवा. फ्रीरेडियस या रेडियस प्रोग्राममधली ‘बफर्ड-एसक्यूएल’ साइट (तयार सेटिंग) चालू करा; अकाउंटिंग आधी फाइलमध्ये उतरतं आणि सवडीने डेटाबेसमध्ये जातं. एका आयडीवर दोन लॉगिन रोखणारी तपासणी त्यामुळे थोडी मागे राहते, हे धरून चला.

आता सिस्टीम. सेन्टओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला आणि नऊच दिवसांनी, 9 जुलैला, रेडियस प्रोटोकॉलमधली ‘ब्लास्टरेडियस’ त्रुटी जाहीर झाली. तिची दुरुस्ती सेन्टओएसकडून तुमच्या सर्व्हरला मिळालेली नाही. म्हणून पॅच किती वर्षं येतील आणि रात्री दोन वाजता तुमचा माणूस काय दुरुस्त करू शकेल, एवढंच बघा.

रॉकी 9 ला मे 2032 पर्यंत पॅच आहेत. रॉकी 10 मात्र तुमच्या यंत्रावर चढणारच नाही: तिला एव्हीएक्स2 (प्रोसेसरमधला एक सूचनासंच) लागतं आणि ते ई5 मालिकेत व्ही3 पासून मिळतं. सेकंडहँड सर्व्हर घेतानाही हा ‘व्ही’ पुढचा आकडा आधी बघा. डेबियन 13 (ऑगस्ट 2025) जुन्या प्रोसेसरवर चालते. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, वर दोन वर्षं एलटीएस (वाढीव सपोर्ट). टेक्निशियनचा हात सेन्टओएसवर बसला असेल तर रॉकी 9, नाहीतर डेबियन. रॉकीने काही जुन्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले आहेत, तेव्हा इन्स्टॉलरला डिस्क दिसते का ते आधी पाहा. फ्रीबीएसडी उत्तमच, पण ती जाणणारा माणूस खानदेशात मध्यरात्री कुठे शोधणार?

चालू सर्व्हरवरच अपग्रेड करू नका. दुसऱ्या यंत्रावर नवं बसवा, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) तिथे चढवा आणि आधी एकाच राउटरचं रेडियस तिकडे वळवा. इथे हमखास फसगत होते. नव्या फ्रीरेडियसच्या क्वेरींना अकाउंटिंगच्या तक्त्यात आयपीव्ही6 चे (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचे) जादा कॉलम लागतात. ते नसले तर लॉगिन होतं, पण नोंद पडत नाही. ग्राहक खूश, बिलिंग कोरं! शिवाय मारियाडीबी या डेटाबेसची नवी आवृत्ती ‘स्ट्रिक्ट’ असते, त्यामुळे डीफॉल्ट नसलेला सक्तीचा कॉलम रिकामा राहिला की नोंद नाकारते. डीबग मोडमध्ये (प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवणाऱ्या) एक लॉगिन आणि एक लॉगआउट पूर्ण पाहिल्याशिवाय बाकीचे राउटर वळवू नका.

प्रश्न : आमचा डीएनएस सर्व्हर अनबाउंड या प्रोग्रामवर आहे. ग्राहक कमी असूनही अपलोड भरून जातो. सिस्टीम बदलू का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नको. तुमचा रिझॉल्व्हर (हाच डीएनएस सर्व्हर) बहुधा सगळ्या जगाला उघडा आहे आणि कुणी तरी त्याची उत्तरं तिसऱ्याच कुणावर लोटून हल्ला करतंय. ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल’मध्ये फक्त ग्राहकांच्या आयपी रेंज ठेवा, बाहेरून येणारा पोर्ट 53 फायरवॉलवर बंद करा आणि मोबाइल डेटावरून त्या आयपीला क्वेरी टाकून बघा. उत्तर आलं नाही पाहिजे. त्याच बैठकीत घड्याळही एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत ते आहे, आणि लॉग 180 दिवस भारतातच ठेवणंही.