ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर वकिलीला नवीन आलायस, तर आधी हे वाच

पहिल्या दिवशी कलमं पाठ करत बसू नकोस. कुठला दावा कुठल्या दारात जातो, ते आधी पक्कं कर.

दिवाणी बाजूला खाली दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यावर वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. 5 लाखांपर्यंतचा दावा कनिष्ठ स्तराकडे, त्यापुढचा वरिष्ठ स्तराकडे. फौजदारीत प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपर्यंत, मुख्य न्यायदंडाधिकारी 7 वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतात. सत्र न्यायालय फाशीही देतं, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

गंमत घरांच्या भांडणांत आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत तीच जास्त येणार. जुना भाडेकरू काढायचा असेल तर मुंबईत लघुवाद न्यायालय, आपल्याकडे मात्र कनिष्ठ स्तर. रक्कम बघायची नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस फ्लॅट सोडत नाही? मग कोर्टच नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकारी, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी. वाशीचा पक्षकार करार घेऊन आला की आधी त्याची शेवटची तारीख बघ, बाकीची रडकथा नंतर ऐक. (ती लांबच असते.)

मुंबईचं सिटी सिव्हिल कोर्ट वेगळं प्रकरण, त्यात आत्ता शिरू नकोस.

आणि प्रत्येक फाइलच्या कव्हरवर 16 अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) ठळक लिही. पुढची तारीख मोबाइलवर दिसते, शिपायाच्या मागे फिरावं लागत नाही.