गच्चीवर बांधलंय म्हणालीस ते

«मावशी, आमच्याकडं हरणी नावाची कारवान कुत्री आहे. यंदा मार्चमध्ये तिला सहा पिल्लं झाली. रात्रभर जागून सगळं मी केलं, शेवटचं तर हालतच नव्हतं, टॉवेलनं घासून घासून जगवलं. दोन महिने पुरे झाल्यावर चांगली घरं बघून पाच दिली, एक नणंदेनं नेलं. आता इचलकरंजीची पार्टी दोन महिन्यांनी पिल्लू परत घेऊन आली. म्हणे चपला फाडतंय, सोफा फाडला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, सोसायटीवाले भांडतात. वर आठ हजार परत मागतोय. माणसं अशी कशी असतात ओ? मिस्टर म्हणतात एक रुपया द्यायचा नाही. मला रात्रीची झोप नाही. परत आलेलं सध्या गच्चीवर बांधलंय कारण हरणी गुरगुरते त्याच्यावर. दिवाळीनंतरच्या वेताला तीन बुकिंग आलेत पण माझं मनच उडालंय. हे काम करावं का सोडावं? – कसबा बावड्याची एक ताई»

अगं ताई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलापण त्या इचलकरंजीवाल्याचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकले ते अजून तिथंच आहे. गच्चीवर बांधलंय. एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात तुझी झोप आहे, मिस्टर आहेत, आठ हजार आहेत, आणि त्या जिवाला मिळाली अर्धी ओळ. जुलै चाललाय. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, घरात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, आणि चार महिन्यांचं पिल्लू वर दाव्याला. वर पत्रा असंल असं मी धरून चालते. पण पत्र्यावर आपला पाऊस कोसळताना खाली उभी राहिलीयस का कधी? शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात गं.

तुझी बाजू घेईन म्हणून तू लिहिलंस, पण मला तुझ्यापेक्षा तो माणूस जास्त पटतोय. त्याला जमलं नाही आणि तो पिल्लू घेऊन तुझ्या दारात आला. गळ्यात पट्टा असलेली चांगल्या जातीची कुत्री हायवेच्या कडेला सैरभैर पळताना मी स्वतः बघितलीत, ती कुणाच्या तरी गाडीतनंच उतरवलेली असतात ना. यानं तसं केलं नाही. आणि चपला फाडतंय म्हणजे काय, चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे यायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ते चालतं, हिरड्या सळसळतात, समोर येईल ते चावणारच. हे पिल्लू देताना त्याला सांगितलं होतंस का? सशामागं धावणारी ही जात, तिला रोज मोकळं पळायला लागतं, ती तिसऱ्या मजल्यावर देताना तू काय बघून घर चांगलं ठरवलंस?

बरं, ते झालं. आता महत्त्वाचं सांगते ते नीट ऐक. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची भीती त्याला पुढं कमी वाटते. त्यातले पहिले आठवडे ते तुझ्या घरात होतं आणि पुढचे त्या माणसाकडं. जिना, टीव्ही, गाड्या, बाहेरची माणसं, सगळं त्यानं बघितलं असणार. म्हणजे तुझ्याकडं आलंय ते माणसाळलेलं पिल्लू आहे. हे सगळं दाव्याला बांधून आठ-पंधरा दिवसांत उतरायला लागतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर होतं तेव्हा आमच्या कुत्रीचं एक पिल्लू असंच परत आलं. घरात लग्न होतं, पाहुणे यायचे होते, मी ते मागं परड्यात बांधलं, आठ दिवसांपुरतं म्हणून. आठाचे तीन महिने झाले. भाकरी वेळेवर देत होते, पाणी देत होते, मला वाटायचं सगळं बरोबर चाललंय. सोडलं तेव्हा ते हात पुढं आला की चावायचं. नंतर कुठल्या घरी द्यायची सोय राहिली नाही. अकरा वर्षं आमच्याकडं राहिलं, माझ्या अंथरुणाशेजारी झोपायचं, पण परक्या माणसाला शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही. ते तसं जन्मलं नव्हतं. मी केलं ते.

हरणीच्या गुरगुरण्याचं तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. दूध तुटलं, दोन महिने पिल्लू नजरेआड, वास बदलला, अंग दुप्पट झालं. तिच्या लेखी हे कुणाचं तरी परकं कुत्रं तिच्या उंबऱ्यात आलंय. आईची माया आटली वगैरे काही नाही. दोघांना घरात समोरासमोर आणूच नकोस. एक तुझ्या हातात, एक मिस्टरांच्या हातात, पट्टे लावून बाहेर काढा, तुमच्या बावड्याकडं उसाच्या कडेनं वाट आहेच की. दोघं एकाच दिशेनं, मधी चांगलं अंतर ठेवून चाला, थांबवून तोंडाला तोंड लावायला जाऊ नका. हळूहळू अंतर कमी करा. चार दिवस सकाळ-संध्याकाळ एवढं करा. वाडगी वेगवेगळ्या खोलीत. रात्री मधलं दार लावा. पहिल्या दिवशी गुरगुरली तर गुरगुरू दे, तिला ओरडू नकोस, ती सांगतीय लांब राहा म्हणून, तेवढं लांब ठेव.

काम करावं का सोडावं विचारतेस. हरणी मार्चला व्याली आणि दिवाळीनंतर परत वेत? केंद्र सरकारचे २०१७ चे कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम आहेत, त्यात वर्षात एकच वेत घ्यायचं आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि ब्रीडिंग करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची आहे. दोन महिने तू पाळलेस, ते चांगलं केलंस. बाकीच्याचं पत्रात काही नाही. ती तीन बुकिंग आजच फोन करून रद्द कर. पुढचं पुढं बघू, आत्ता तुझ्याकडं वर एक बसलंय.

तू त्या रात्रीचं लिहिलंस ना, हालत नव्हतं, टॉवेलनं घासलं, ते वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं. असं पहिल्यांदा कुंई करतं तेव्हा आपलाच श्वास सुटतो, त्यासाठीच तर माणूस या नादाला लागतं. पण एक विचारू? गच्चीवर आहे ते कुठलं? टॉवेलवालंच का दुसरं? पत्रात कुठंच नाही. नुसतं 'परत आलेलं' म्हणालीयस.

पैसे देऊन टाक. मिस्टरांना सांग मावशीनं सांगितलंय. त्या निमित्तानं त्या माणसाला फोन कर, लसीचं कार्ड मागून घे, सोळा आठवड्यांचा डोस आणि रेबीजची सुई झालीय का बघ, राहिली असंल तर उद्या डॉक्टरकडं ने. आणि भांडायचं सोडून त्याला विचार की तुमच्या घरात याला काय म्हणून हाक मारत होता. दोन महिने त्याला काहीतरी नाव असणारच. ते विचारून घे, एक कोरडी चादर घे, वर जा, त्या नावानं हाक मार आणि दावं सोडून खाली घेऊन ये. पाऊस उघडायची वाट बघत बसू नकोस.