पावणेदोनचा हिरवा ठिपका

गड्या,

काल रात्री पावणेदोनला तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. (मी तेव्हा कशाला जागा होतो ते विचारू नकोस.) रविवारी संध्याकाळी कॅचसाठी मागे मागे पळत तू जांभ्याच्या गडग्यावर डोकं आपटलंस, दोनदा ओकलास, 'आज वार कोणता' हे तीनदा विचारलंस, आणि सोमवारी रात्री साहेब थेट बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेमच्या लॉबीत! मेसेज टाकला असता तर तो वाचायला तू पुन्हा फोनच उघडला असतास, म्हणून हे कागदावर. तेही तू वाचायचं नाहीस. काकूंनी वाचायचं, तू डोळे मिटून ऐकायचं.

'पण दादा, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय ना!' आलाय, आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण सीटीत दिसतो तो रक्तस्राव, नाहीतर मोडलेलं हाड. कन्कशनमध्ये, म्हणजे दणक्याने मेंदू हादरतो तेव्हा, बिघडतं ते मेंदूचं काम, ते त्या फोटोत उमटत नाही. दणक्याने पेशींतले क्षार इकडचे तिकडे होतात. पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत. ते जागेवर आणायला पेशींना भरपूर साखर जाळावी लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. आपल्याकडे व्होल्टेज पडलेलं असताना कुणी विहिरीवरचा पंप लावला की घरातले बल्ब मिणमिणतात, तसं. कालची ती मॅच म्हणजे तुझा पंप.

हे मी स्वतःच्या डोक्यावर शिकलोय. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं, आमच्या पडवीची कौलं उडाली. दोन दिवसांनी नवी घालायला चढलो तो घसरून जोत्यावर आपटलो. गावात लाईट नाही, टॉवर बंद, फोन म्हणजे नुसती वीट. चिडचिड खूप झाली, पण आठवड्यात डोकं शांत झालं. मग एकदाची लाईट आली. त्या रात्री मी सलग चार तास खेळलो. सकाळी उठलो तर डोकं ठणकतंय, दारातला उजेड सोसवत नाही, आईने पातेलं खाली ठेवलं तरी कानात घण पडतोय. पुढचे दहा-बारा दिवस त्यातच गेले.

एकट्या माझ्यावरून काही ठरवू नये, कबूल. पण 2021मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, 12 ते 25 वयाच्या 125 जणांवरचा. काहींना पहिले 48 तास स्क्रीन वर्ज्य, बाकीच्यांना मोकळीक. वर्ज्यवाल्यांचा त्रास साधारण 3.5 दिवसांत ओसरला, दुसऱ्यांना 8 दिवस लागले. तू 8 वाल्यांच्या रांगेत उभा राहायला निघालायस.

तेव्हा तुझे 48 तास आजपासून नव्याने मोजायचे. मोबाइल, टीव्ही, रील, सगळं बंद. म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडूनही घ्यायचं नाही. ते जुनं शास्त्र आता मागे पडलंय. अंगणात फिर, नारळाच्या सावलीत बस, गप्पा मार.

मग खेळ सुरू करायचा तो रेंगाळत. आधी पंधरा मिनिटं लुडो किंवा बुद्धिबळ, दिवसा, ब्राइटनेस उतरवून. खेळण्याआधी डोकं किती दुखतंय ते शून्य ते दहात सांगायचं, खेळून झाल्यावर पुन्हा. आकडा आधीपेक्षा फार तर दोनने चढला आणि तासाभरात उतरला तर चालेल. त्याहून जास्त चढला किंवा रेंगाळला, तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी वेळ कमी करायचा. आकडा खोटा सांगून फसवशील ते स्वतःलाच. शूटिंगचे गेम सगळ्यात शेवटी. त्यात नजर सतत उड्या मारते, स्क्रीन गरगर फिरते आणि शरीर मात्र खाटेवर स्थिर. डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच. त्यात इअरफोनमधला गोळीबार आणि उडालेली झोप. दुखऱ्या मेंदूला याहून वाईट जेवण नाही.

क्रिकेट आणि बाईक डॉक्टर सांगेपर्यंत नाही. पहिली जखम भरायच्या आत दुसरा दणका बसला तर काय होईल ते काकूंसमोर लिहीत नाही. आणि काकू, हे तुमच्यासाठी: पुन्हा उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, जीभ जड होणं, हातापायातली ताकद जाणं, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हाक मारून नीट जागा न होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता गाडी काढून दापोली गाठायची.

रँक खाली जाईल, जाऊ दे. स्क्वाडमध्ये तुझ्या जागी सध्या मी आहे. दोन्ही मॅचमध्ये सगळ्यात आधी मेलो, पोरं तुझ्या नावाने रडतायत.

गुरुवारी ऊन उतरल्यावर येतो, मुरूडच्या पुळणीवर सावकाश चालू. हर्णैच्या मासळी लिलावाला नको, तिथल्या कलकलाटाने माझंही डोकं उठतं. येताना फोन घरी ठेव, आणि आकडा तयार ठेव.

तुझा दादा

ता. क. काकू, चार्जर तुमच्याच पदराला बांधून ठेवा.