अमेरिकेतील विद्यापीठे नववीचे गुण खरोखर पाहतात का?

तुमच्या मुलाला नववीत ५८ टक्के आणि दहावीत ८४ टक्के आहेत, आणि अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना ही नववी ‘लपवता’ येईल का, असे तुम्ही विचारले आहे. तो एक शब्द वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

नववी पाहिली जाते. तेथील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते, त्यामुळे बहुतेक विद्यापीठे चारही वर्षांची गुणपत्रके मागतात. आपल्याकडे नववी म्हणजे शाळेची घरची परीक्षा, तिची गुणपत्रिका कोणी जपूनही ठेवत नाही, आणि मग ती ‘सुधारून’ घेण्याचा विचार पालकांच्या मनात सहज येतो.

मी एका शाळेत आणि तिला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षे गणित शिकवले. अमेरिकेच्या अर्जासोबत काउन्सेलरचे, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतील समुपदेशकाचे, पत्र आणि शाळेचा अहवाल द्यावा लागतो. आमच्याकडे असे पद नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. एका वर्षी बारावीतील एका मुलीचे वडील नववीची गुणपत्रिका घेऊन आले. सहामाहीत गणितात १०० पैकी ४१, वार्षिक परीक्षेत ४७. पुढे दहावीत ८८ आणि अकरावीत ९१. त्यांचे म्हणणे असे की परीक्षा शाळेची, शिक्का शाळेचा, मग नवी गुणपत्रिका छापून द्यायला हरकत काय? मुख्याध्यापक बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी मला म्हणाले, “बाई, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, बघा काही करता येते का.”

मी कपाटातून त्या वर्षीचे रजिस्टर काढले. ४१ हा आकडा माझ्याच अक्षरात होता. तो मीच दिला होता आणि तो योग्यच होता. ती मुलगी त्या जूनमध्ये मराठी माध्यमातून आमच्या इंग्रजी माध्यमात आली होती. तिची वही मला अजून आठवते: शाब्दिक उदाहरणांच्या समासात ‘रेशो’पुढे गुणोत्तर, ‘इंटरेस्ट’पुढे व्याज, असे पेन्सिलीने लिहिलेले असे, आणि दिवाळीनंतर ते शब्द हळूहळू कमी होत गेले. मी नवी गुणपत्रिका द्यायला नकार दिला आणि पत्रात हे सगळे लिहिले. सोबत एका पानावर आमच्या शाळेत कोणते विषय शिकवले जातात, गुण किती कडक दिले जातात आणि वर्गात ९० च्या पुढे किती जण जातात, याची माहिती जोडली. टक्क्यांना २५ ने भागून अमेरिकेतल्यासारखे ‘४ पैकी’ गुण काढून द्या, ही वडिलांची दुसरी मागणीही मी मान्य केली नाही. तेथे साधारणपणे ९० च्या पुढे ‘ए’ आणि सत्तरीत ‘सी’ ही श्रेणी मिळते, मात्र आमच्या शाळेत ७२ मिळवणारा विद्यार्थी चांगल्या विद्यार्थ्यांत गणला जाई. हा फरक भागाकाराने कळत नाही, तो शाळेने समजावून सांगावा लागतो.

तिने सात ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पाच ठिकाणी नाही, आणि वडिलांचे आवडते विद्यापीठ त्या पाचांत होते. “बाईंच्या हट्टामुळे गेले,” असे ते पुढे अनेक वर्षे सांगत राहिले. मला त्याचे फार वाईट वाटले, आजही वाटते. पण ज्या दोन विद्यापीठांनी तिला घेतले, त्यांनीही तोच ४१ वाचला होता. शिवाय कागदपत्रांची देवाणघेवाण प्रवेशपत्र हाती आल्यावर थांबत नाही: बारावीच्या मध्यावरचा अहवाल आणि शेवटची गुणपत्रिका शाळेकडूनच मागवली जाते, आणि दिलेली माहिती खोटी निघाली तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो. बनावट कागद उघडकीस आला असता, तर त्या मुलीबरोबर आमच्या शाळेच्या पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज संशयाने वाचला गेला असता. त्या गृहस्थांना हे मी तेव्हा सांगितले होते आणि आजही हेच सांगेन.

गुणांना वजन आहेच, किंबहुना बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त आहे. परंतु वाचणारा आकड्याबरोबर इतर गोष्टीही पाहतो: शाळेत कठीण विषय उपलब्ध असताना ते घेतले की टाळले, आणि गुण वर्षागणिक चढले की उतरले. अनेक विद्यापीठे शाळेने दिलेली सरासरी बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने नवी सरासरी काढतात. शाळेच्या गुणांवर किती विसंबावे याबद्दल त्यांच्यातही एकमत नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २०२२ मध्ये सॅट किंवा एसीटी या प्रवेशासाठीच्या सामाईक परीक्षेची अट पुन्हा लागू केली, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशाच्या निर्णयात त्या परीक्षांचे गुण विचारातच घेत नाही. टेक्ससमध्ये १९९७ च्या कायद्याने तेथील शाळांत पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश दिला, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाला पुढे ही मर्यादा कमी करावी लागली. ब्रिटनचा विचार असेल तर नववीचा प्रश्न सहसा येत नाही. तेथे बारावीच्या अपेक्षित गुणांवर सशर्त प्रवेश मिळतो.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या याच विद्यापीठात नववीचे विषय आणि गुण अर्जात भरावे लागतात, मात्र सरासरी काढताना दहावी आणि अकरावीचेच गुण धरले जातात. म्हणजे नववीचे ओझे सगळीकडे सारखे नसते, एवढ्यापुरते ते वडील चुकीचे नव्हते. मला त्या वर्षी हे ठाऊक असते, तर मी तिला तेथे अर्ज करायला नक्की सांगितले असते. माझा अनुभव एका शाळेचा आणि काही वर्षांपूर्वीचा आहे, म्हणून प्रत्येक विद्यापीठाचा चालू वर्षाचा नियम त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

तुमच्या मुलाला नववीत ५८ का पडले, हे तुम्ही लिहिलेले नाही. आजारपण, शाळा बदलणे, घरातील अडचण, काहीही असो, ते सांगणारा एक परिच्छेद त्याला शिकवलेल्या शिक्षकांकडून आताच लिहून घ्या, कारण दोन वर्षांनी ते शिक्षक त्या शाळेत असतीलच असे नाही. नववीची मूळ गुणपत्रिका सापडत नसेल, तर शाळेच्या कार्यालयात लेखी अर्ज करून दुसरी प्रत मागा, आणि तिच्यावर ५८ हाच आकडा राहू द्या.